डाव्या टाचेचं काम

४ जून

वन्सं,

पत्र बुटात कोंबलंय म्हणून नाक मुरडू नका. बूट नवे आहेत, वास यायला अजून अवकाश आहे. फोनवरच सांगणार होते, पण आमच्याकडे कुणाचाही फोन आला की तुमचे दादा तो स्पीकरवर टाकतात आणि आपण तोंड उघडायच्या आत तेच बोलून मोकळे होतात. नणंद-भावजयीला चार गोष्टी मनातल्या बोलायच्या असतात हे त्यांच्या गावीही नाही.

तर बातमी अशी की मी ट्रायथलॉनमध्ये नाव घातलंय. म्हणजे आधी तलावात पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकली की पळत सुटायचं. मध्ये बसणं-टेकणं काही नाही. आमच्या शिवणकामाच्या दुकानासमोरच्या खांबावर जाहिरात लागली होती. तुमच्या दादांनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, हे काही आपलं काम नाही. स्वतःबरोबर त्यांनी मलाही त्या ‘आपलं’मध्ये धरलं याचा मला असा राग आला की दुपारी जाऊन नाव देऊन आले.

राग उतरला तरी नाव काढलं नाही, त्याचं खरं कारण तुम्हाला सांगते. आईचे गुडघे माझ्याच वयात आखडले. खिडकीतल्या खुर्चीत बसली ती बसलीच. माझ्या धाकट्याला आजी उभी असलेली आठवतच नाही. मीही दिवसभर बसूनच असते. हल्ली मशीनवरून उठताना टेबलाचा आधार लागतो, आणि परवा उठताना तोंडातून जो आवाज निघाला तो हुबेहूब आईचा होता. मी घाबरले, वन्सं. मला ती खुर्ची नको. शर्यतीत कितवीही येऊ दे, शेवटची रेघ मला माझ्या पायांनी ओलांडायचीय.

आता तुमचे दादा माझे प्रशिक्षक झालेत. त्यांनी शिट्टी आणलीय. मी पळते आणि ते बाकावर बसून शिट्टी वाजवतात.

बुटांचं पुढचं टोक उघडलंय, तेवढं चिकटवून द्या. नवे बूट पायात मुरले पाहिजेत असं पळणाऱ्यांच्या गटात सांगितलंय, म्हणून मी ते सकाळी घालते ते दुकान बंद करेपर्यंत काढतच नाही. लवकर पाठवा, चपला घालून पळणं शोभत नाही.

तुमची वहिनी


१९ जून

वहिनी,

पत्र वाचून मी इतकी हसले की समोर एका पायात बूट घालून बसलेलं गिऱ्हाईक उठून जायला निघालं. दादा आणि प्रशिक्षक! लहानपणी शाळेच्या शर्यतीत तो बुटाची नाडी सुटली म्हणून मध्येच बसला होता आणि बाकीचे पोरगे घरी गेले तरी बांधतच होता. त्याला सांग, शिट्टी वाजवायलाही दम लागतो.

खुर्चीचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. तुझ्या आईंना मी पाहिलंय. तू ती रेघ ओलांडायचीसच. त्यात माझा जेवढा हातभार लागेल तेवढा लावीन.

बूट चिकटवलेत. आता तुला एक विचारते, खरं सांग. तुझा डावा पाय कधी दुखावला होता का? की जन्मापासून किंचित आखूड आहे? बाबांचं दुकान हातात आल्यापासून मी हजारो तळवे पाहिले असतील, तळवा माणसासारखं खोटं बोलत नाही. तुझ्या डाव्या बुटाची टाच एवढ्यातच सपाट झालीय आणि उजवी जशीच्या तशी आहे. असो, काळजी करू नकोस. मी कारागिराची एक छोटीशी युक्ती केलीय. काय ते सांगणार नाही, पळताना तुझं तुलाच कळेल.

पोहायला शिकतेयस ते कुठे, कुणाकडे, सगळं लिही.

तुझी वन्सं


१० जुलै

वन्सं,

माझे दोन्ही पाय एकाच मापाचे आहेत. आमच्या लग्नात तुम्हीच माझी सलवार शिवायला मापं घेतली होती, विसरलात वाटतं. बूट एकदम घट्ट बसलेत. पळताना वेगळंच वाटतं, हे खरं.

पोहणं ऐका. तरणतलावावर शिकवणारी मुलगी माझ्या मोठ्यापेक्षा लहान आहे आणि माझ्याबरोबर शिकणारे सगळे तिच्याहून लहान. पहिल्या दिवशी एका चिमुरडीनं मला विचारलं, “आजी, तुम्हालापण पाण्याची भीती वाटते?” मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझा हात धरून पाण्यात उतरते आणि मला सांगते की नाकात पाणी गेलं तरी मरत नाही.

पोशाख मी स्वतः शिवला. बाजारातल्या पोहण्याच्या पोशाखांची शिवण बघवत नाही. छान बेतला, दोन्हीकडे दुहेरी शिवण घातली, आणि सवयीनं कमरेला एक खिसाही लावला. आमच्या धंद्यात खिशाशिवाय कपडा म्हणजे अर्धा कपडा. पाण्यात उडी मारली आणि खिसा बादलीसारखा भरला. एका बाजूला कलून मी गोल गोल फिरायला लागले. त्या मुलीला वाटलं मी नवीन प्रकार शोधून काढलाय. खिसा उसवलाय.

सायकल तुमच्या दादांची, कॉलेजातली. चालते.

बुटांचं टोक पुन्हा उघडलं, परत पाठवतेय. आणि हो, पायाला काही झालेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. जिने उतरताना गुडघा थोडासा कुरकुरतो, पण या वयात कुणाचा कुरकुरत नाही.

तुमची वहिनी


२५ जुलै

वहिनी,

त्या चिमुरडीला माझ्याकडून बूट. पायाची बाह्यरेषा कागदावर काढून पाठव.

तुझा खिसा मी सगळ्या बाजाराला सांगितला. रागावू नकोस. पोटात गोष्ट राहत नाही हा आमच्या घराण्याचा दोष आहे.

बूट चिकटवलेत, या वेळी टोक उघडलं तर दुकानाची पाटी उतरवीन. डावी टाच पुन्हा तशीच झिजलीय, मागच्यापेक्षा जास्त. तू कबूल करत नाहीस पण पाय काय ते सांगतोय. मागच्या वेळी केलेलं काम थोडं आणखी पुढे नेलंय. गुडघा कुरकुरतोय तो आता गप्प बसेल, बघच.

तुझी वन्सं


२० ऑगस्ट

वन्सं,

हे पत्र मशीनवर बसून लिहितेय. समोर एका नवरीचं काम पडलंय आणि माझ्याच्यानं सुई ओवली जात नाहीये.

गुडघा संपला. मी तुमच्यापासून लपवलं. तुमच्या दादांपासूनही लपवलं, कारण त्यांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव काढून घेतलं असतं. महिनाभर मी ते दिसेनासे झाले की चालायची आणि दिसले की पळायची. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कुणी दाभण टोचावं तशी कळ येते. परवा पळताना रस्त्यातच बसले. तुमचे दादा बाकावरून उठले, धावत आले, शिट्टी तोंडातच होती त्यामुळे प्रत्येक श्वासाला वाजत होती. मला हसूही आलं आणि रडूही.

फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. बाई कडक आहेत. पाय उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, पळणं बंद, शर्यतीचं विसरा. चाल बघून म्हणाल्या की तुम्ही एका बाजूनं उंच चालल्यासारख्या चालता, एका बुटात काही घालता का? मी म्हटलं, छे. माझ्या बुटांना माझ्या नणंदेशिवाय कुणाचा हात लागत नाही, आणि तिच्याइतकं बुटातलं कुणाला कळत नाही.

तुमच्या दादांनी शिट्टी कपाटात ठेवून दिली. त्याचंच मला वाईट वाटलं. काल संध्याकाळी मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. पाय शेकत होते, दुसरं काही नाही. पण धाकट्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला ओळखीची वाटली.

बूट पाठवतेय. चांगले आहेत, कुणाला तरी देऊन टाका. माझं झालं.

तुमची वहिनी


२४ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र मी उभ्यानं लिहितेय. पार्सल उघडलं, पत्र वाचलं आणि बसायच्या आधी कागद ओढला.

बुटात मी घातलंय. डाव्या टाचेखाली, आतल्या सोलच्या खाली, चामड्याची एक पट्टी. जूनमध्ये. जुलैत तिच्यावर दुसरी. कडा अशा तासल्या होत्या की तुला बोटानंही लागू नये. मला त्याचा अभिमान वाटत होता. तुझा डावा पाय आखूड आहे आणि तू भिडेपोटी सांगत नाहीस असं मी धरून चालले. तू ‘माझे दोन्ही पाय सारखे आहेत’ म्हणून लिहिलंस, ते मी वाचलं आणि तरी माझंच खरं केलं.

मी तुझा धडधाकट पाय वाकडा केला.

दोन्ही पट्ट्या आत्ता काढल्यात. त्या बाईंना हे पत्र दाखव, एक अक्षर लपवू नकोस. गुडघा कायमचा गेला का ते विचार. माझ्यावर रागाव, घरी येऊन चारचौघांत बोल, पण उत्तर दे.

एक गोष्ट मला अजूनही कळत नाही. पाय सारखे, तर मग टाच का झिजली?

वन्सं


६ सप्टेंबर

वहिनी,

तुझं उत्तर नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, ती बरी आहे, कामात आहे. मागे मशीनचा आवाज येत होता. म्हणजे तू तिथेच होतीस, स्पीकरवर सगळं ऐकत होतीस आणि बोलली नाहीस. चुकलंच माझं, तुझा राग रास्त आहे.

पण मला एवढं कळू दे की तू चालतेयस.

या आठवड्यात मी एकाही बुटाला हात लावला नाही. गिऱ्हाईकांना सांगते, शिवणाची सुई मोडलीय.

वन्सं


११ सप्टेंबर

वन्सं,

सुई लावा आणि दुकान उघडा. गिऱ्हाईकांनी काय पाप केलंय?

खूप राग आला होता. दहा दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि मनातल्या भांडणात तुम्ही नेहमीसारख्या हरत होता. फोनच्या वेळी मी तिथेच होते, तोंडात टाचण्या होत्या. निदान तुमच्या दादांना मी तसंच सांगितलं.

मग अकराव्या दिवशी त्या नवरीचं काम शिवायला बसले. टाच का झिजली हा तुमचा प्रश्न डोक्यात होताच. सहज खाली बघितलं. माझा उजवा पाय मागे, खुर्चीखाली दुमडलेला, आणि डावी टाच मशीनच्या लोखंडी जाळीच्या पायडलवर, खाली-वर, खाली-वर. वीस वर्षं मी अशीच मशीन चालवतेय आणि कधी पाहिलं नव्हतं. नवे बूट मुरवायचे म्हणून मी ते दिवसभर पायात ठेवले होते ना. वन्सं, तो बूट पळून झिजला नव्हता, शिवून झिजला होता. तुम्ही माझ्या पळण्याची परीक्षा केलीत आणि निकाल लावलात शिवणकामाचा.

मी एकटीच इतक्या मोठ्यानं हसले की तुमचे दादा धावत आले. त्यांना दाखवलं, तर तेही खुर्चीच्या पाठीला धरून हसायला लागले. मग डोळे पुसत म्हणाले, “माझी बहीण आणि माझी बायको, दोघी हुशार. मधल्या मध्ये गुडघा मेला.”

तुमचं पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग गुडघा पुन्हा तपासला आणि म्हणाल्या, हे असं असेल तर गोष्ट वेगळी. पट्टी निघाली, आता पाय आपसूक सरळ होईल. रोज व्यायाम करून घेतायत. पोहायला परवानगी दिली, सायकल हलक्या पायानं, आणि पळणं अजिबात नाही. मी विचारलं, चालले तर? बाई म्हणाल्या, चाला.

शर्यतीला शेवटची एक वेळ ठरलेली असते, त्यानंतर आलेल्याला धरत नाहीत. चालत गेले तर जेमतेम पोचेन किंवा पोचणारही नाही. पण खिडकीपाशी मी आता कपड्यांचं कपाट सरकवलंय, तिथे खुर्चीला जागाच उरलेली नाही.

तर कामाला लागा. मला बूट पाहिजेत. दोन्ही पाय सारखे, युक्ती नको.

तुमचीच वहिनी


२२ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी दुकानात बसून रडले, मग हसले, मग शेजारच्या कुलूपवाल्याला सगळी गोष्ट सांगितली. आता तीही बाजारभर झाली असेल.

तेच बूट पाठवतेय. दोन्ही तळवे नवे लावलेत, दोन्ही टाचा एकाच चामड्यातून एकाच वेळी कापल्या, काटा धरून तोलल्या. आत काय आहे ते बघायचं असेल तर आतला सोल मुद्दाम न चिकटवता ठेवलाय, उचलून बघ. खाली काही नाही.

दुसऱ्या डब्यात एक जोड सपाता आहेत, डाव्या टाचेला जाड रबर. त्या मशीनच्या. त्या घालून पळालीस तर याद राख, आणि बूट घालून शिवलंस तर त्याहून याद राख.

शर्यतीला मी येऊ शकत नाही, एका अख्ख्या शाळेचे बूट अंगावर आहेत. पण त्या सकाळी मी हातातलं काम खाली ठेवून बसणार आहे. दादाला शिट्टी परत दे.

तुझी वन्सं


७ ऑक्टोबर

वन्सं,

ओलांडली.

आता सगळं क्रमानं सांगते. तलावात उतरताना ती चिमुरडी काठावर उभी होती, तिनं नाकाला हात लावून आठवण केली. पाणी काळं आणि गार होतं. बाकी सगळे पुढे गेले आणि तलाव मला एकटीला मिळाला, त्यामुळे निवांत पोहले. होडीतला माणूस सारखा विचारत होता, ठीक आहे ना. शेवटी मीच त्याला विचारलं, तुम्ही ठीक आहात ना.

सायकलचं मागचं कॅरिअर काढायचं राहून गेलं होतं. सगळ्यांच्या सायकली सुईसारख्या बारीक आणि माझ्या सायकलला घंटी. एका चढावर मी एकाला मागे टाकलं. त्याची सायकल पंक्चर झाली होती, पण मागे टाकलं ते टाकलं.

आणि मग चालले. परतीला लागलेले सगळे समोरून येऊन माझ्या बाजूनं धपाधप निघून गेले. चढावरचे ते पंक्चरवाले टकलू गृहस्थ थोडा वेळ माझ्याबरोबर चालले, गुडघ्याचं विचारलं, स्वतःच्या पाठीचं सांगितलं आणि मग माफी मागून पळाले. माझ्यामागे एक गाडी हळूहळू येत होती, रस्त्यावरचे लाल शंकू उचलत. तिचा आवाज सगळा वेळ कानात होता. तुमचे दादा दोरीच्या बाहेरून माझ्या बरोबरीनं चालत होते. शिट्टी वाजवली नाही. नुसते चालत होते, आणि मधून मधून म्हणत होते, जमतंय, जमतंय. वन्सं, एवढं ते आमच्या लग्नानंतर कधी चालले नसतील.

शेवटच्या वळणावर रेघ दिसली. त्याच सकाळी निळ्या रंगानं रंगवलेली, अजून ओली. बाजूला घड्याळ घेऊन एक माणूस उभा होता आणि हात वर करायच्या बेतात होता. नेमकी तेव्हाच तुमच्या दादांच्या शिट्टीची दोरी तुटली, आणि प्रशिक्षक गवतात वाकून शिट्टी शोधत बसले. डोकं वर केलं तेव्हा मी रेघेच्या पलीकडे होते. वेळेत. शेवटची, पण वेळेत. बाईंना दिलेल्या शब्दाप्रमाणे चालत, शेवटपर्यंत चालत.

घरी आल्यावर मशीनवर बसले आणि उठले. टेबलाला हात लावला नाही. मुद्दाम दोनदा करून पाहिलं.

बूट पाठवतेय. दुरुस्तीला नाही. टाचा बघा, म्हणून.

तुमची वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

बूट उजेडात धरून पाहिले. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात, मीठ तोलावं तशा. खूप वेळ हातात घेऊन बसले होते.

पण आणखीही काही दिसलं. या वेळी मी घाई केली नाही, खिडकीत नेऊन तीनदा पाहिलं, मगच लिहितेय.

चालणारं माणूस आधी टाच टेकवतं. ओल्या रेघेवरून चालत गेलं तर टाचेला रंग लागणारच. तुझ्या दोन्ही टाचा कोऱ्या आहेत. निळा रंग आहे तो फक्त चवड्यांना, आणि तोही मागे ओढल्यासारखा.

दादाला सांगणार नाही. बाईंनाही नाही. बाजारालाही नाही, आणि हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडतंय.

रंग पुसलेला नाही. पुन्हा पळावंसं वाटलं तर आधी गुडघ्याला विचार, मग मला कळव. बूट मीच करीन, आणि आत काय घातलंय ते या वेळी आधी सांगेन.

तुझी वन्सं